मागची उंची पूर्ववत करणेबाबत

कुठल्याही कुटुंबाची खरी पत त्याच्या गाडीच्या मागच्या बाजूवरून ठरते. पुढची बाजू फक्त समोरून येणाऱ्याला दिसते, तीही ओझरती, आणि तो आपल्याच घाईत असतो. मागची बाजू मात्र सिग्नलला मागे थांबलेला प्रत्येक माणूस, दुसरं काही बघण्यासारखं नसल्यामुळे, निवांत न्याहाळत असतो. म्हणूनच विचारी समाजात गाडीची मागची उंची ही त्या घराची खाजगी बाब मानली जात नाही.

आमच्या घरात हे सत्य पोचायला जरा उशीर झाला. आमची गाडी (म्हणजे सासऱ्यांची, 'आमची' हा शब्द ती धुवायची असते तेव्हा वापरतात) कित्येक वर्षं मागून बसलेली होती. ती एकदम बसली नाही. माणसं घरात जशी बसत जातात तशीच बसली: आधी जरा टेकली, मग सैलावली, मग तिला तसंच बरं वाटायला लागलं. तिच्या मागच्या चाकांवर पोलादी पाटे होते, म्हणजे एकावर एक रचलेल्या, कमानीसारख्या वाकवलेल्या जाड पट्ट्या. वाचकांनी एवढंच ध्यानात ठेवावं की कमान ताठ असली की गाडी वर राहते आणि कमान थकली की गाडी खाली येते. आमच्या पाट्यांनी सासऱ्यांच्या सगळ्या बदल्या, नणंदेचं सगळं शिक्षण आणि एकदा एक लोखंडी कपाट (आडवं) वाहिलं होतं. ते थकले होते. त्याबद्दल त्यांना कुणी काही बोलत नव्हतं.

मग एका रविवारी नणंद आणि जावई जेवायला आले. जावयांनी आपली गाडी आमच्या गाडीच्या मागे लावली, उतरले, आणि आत येण्याऐवजी तिथेच थांबले. मान तिरकी करून आमच्या गाडीकडे बघितलं. मग खिडकीतून आत डोकावले.

"मागे कुणी बसलंय का?" त्यांनी विचारलं.

"नाही," सासरे म्हणाले.

"डिकीत काही आहे?"

"स्टेपनी आहे."

"अच्छा," जावई म्हणाले, आणि बूट काढून आत आले.

घडलं ते एवढंच. पण जावयाच्या तोंडून निघालेल्या 'अच्छा'वर कुठेही दाद मागता येत नाही. त्यातून सासरे वजनमापं खात्यातले निवृत्त निरीक्षक. सगळी हयात दुकानादुकानांतून तराजूची पारडी एका रेषेत आहेत की नाहीत हे बघण्यात गेली, आणि आता स्वतःच्याच फाटकात एक पारडं खाली गेलेलं निघालं. त्या दिवशी त्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही. जावयांनी तिसऱ्यांदा घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोजमाप झालं. त्याची पद्धत अशी: चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप धरायची, आकडा मोठ्याने वाचायचा, आणि दुसऱ्याने "नीट धर" असं म्हणायचं. सासऱ्यांनी मोजलं, माझ्या नवऱ्याने मोजलं, आणि शेजारच्या पाणसळकाकांनी मोजलं. एकाच चाकाचे तीन आकडे आले. म्हणून सरासरी काढण्यात आली. (सरासरी काढली की चूक सगळ्यांची होते, आणि सगळ्यांची झाली की ती चूक राहत नाही. खात्यातही हेच चालायचं असं सासरे सांगतात.)

पाणसळकाका पूर्वी इमारती बांधायचे. त्यांच्या खिशात अजून गवंड्याची ती पाणसळ असते: लाकडी पट्टी, तिच्यात काचेची नळी, नळीत पाणी आणि पाण्यात एक बुडबुडा. बुडबुडा मधोमध आला की काकांचा जीव जागेवर येतो. त्यांनी पाणसळ आमच्या गाडीच्या टपावर ठेवली. बुडबुडा तडक पुढच्या काचेच्या दिशेला निघून गेला.

"पळाला," काका म्हणाले, एखाद्याचं निधन झाल्याच्या आवाजात.

यावर घरात विचारविनिमय झाला आणि पुढील मतं पुढे आली.

मागच्या चाकांत जास्त हवा भरावी. (दूधवाला. तो फक्त पिशवी द्यायला आला होता.)

स्प्रिंगच्या वेटोळ्यात रबरी चेंडू कोंबावेत. (माझा नवरा. त्याने व्हिडिओ बघितला होता. आपल्या गाडीला तसली स्प्रिंगच नाही हे कळल्यावरही मत कायम राहिलं.)

पुढची बाजूच खाली करावी. (पाणसळकाका. त्यांना बुडबुड्याशी मतलब.)

स्टेपनी काढून पुढच्या सीटवर ठेवावी आणि तिला पट्टा लावावा. (सासूबाई. ऐकलं गेलं नाही.)

गाडी आहे तशी राहू द्यावी. (मी. सगळे उठून गेल्यावर बोलल्यामुळे मोजलं गेलं नाही.)

माझं मत स्वार्थी होतं हे आधीच सांगून टाकते. त्या बसलेल्या गाडीवर माझं सगळं चाललं होतं.

आमची मुलगी, बबडी, तेव्हा सहा महिन्यांची होती आणि दुपारी झोपणं तिला तत्त्वतः मान्य नव्हतं. पाळणा, मांडी, खांदा, पंखा लावून, पंखा बंद करून, सासूबाईंचं गाणं, नवऱ्याचं गाणं, आणि (नवऱ्याचं गाणं ऐकल्यावर) संपूर्ण शांतता, हे सगळे उपाय करून झाले होते. यशाचं प्रमाण शून्य होतं. सासूबाईंच्या गाण्याने सासरे झोपायचे, ते यात धरलेलं नाही.

मग एकदा लस टोचून परत येताना ती गाडीत मागच्या सीटवर झोपली, आणि गाडी फाटकात लागली तरी झोपलेलीच राहिली. मी हलले नाही. श्वासही बेताने घेतला. ती कितीतरी वेळ झोपली. दुसऱ्या दिवशी मी तिला मुद्दाम तिथेच नेऊन ठेवलं आणि ती पुन्हा झोपली. मग माझ्या लक्षात आलं. गाडी मागे झुकलेली असल्यामुळे ती सीटच आपल्या पाठीकडे कललेली होती. बबडी तिच्यावर ठेवली की आपोआप घरंगळून सीटच्या पाठीला जाऊन टेकायची, आणि तिथे कुणीतरी कुशीत घेतल्यासारखी राहायची. थकलेले पाटे इतके मऊ झाले होते की मी पुढच्या सीटवर नुसती कूस बदलली तरी सगळी गाडी एक हलकासा झोका द्यायची. हा पाळणा करायला तीस वर्षं आणि एक लोखंडी कपाट लागलं होतं. कुठल्याही दुकानात तो मिळाला नसता.

तेव्हापासून रोज दुपारी, झाडाच्या सावलीत, गाडीची चारही दारं उघडी टाकून, बबडी मागे आणि मी पुढे. माझे पाय डॅशबोर्डवर, हातात चहा. तो चहा गरम असायचा. हे वाक्य ज्यांना साधं वाटेल त्यांच्या घरी लहान मूल नाही, किंवा आहे पण ते दुसरं कुणीतरी सांभाळतंय.

म्हणून मी सासऱ्यांना म्हटलं, "बाबा, राहू द्या ना. मला तर ती तशीच बरी वाटते."

"तुला हल्ली सगळं तसंच बरं वाटतं, वहिनी," फोनच्या स्पीकरवरून नणंद म्हणाली.

ती हे गाडीबद्दल बोलत नव्हती. बबडी झाल्यापासून मीही जरा बसले होते. बाळ उजव्या कडेवर घेऊन घेऊन माझा उजवा खांदा खाली आला होता. कपडे शिवणाऱ्या बाईंनी टेप लावता लावता "आत एक पॅड टाकू, कळणार नाही" असं सुचवलंही होतं. बाहेरच्या खोलीत आमच्या लग्नाचा फोटो लावलेला आहे. नणंद येते तेव्हा आधी फोटोकडे बघते, मग माझ्याकडे. तिच्याजवळ टेप नसते, हे बरं.

तर गाडी दुरुस्तीला न्यायचं ठरलं. आमच्या गॅरेजवाल्याला सगळे 'होऊनजाईल' म्हणतात, कारण कुठल्याही कामाला तो हेच म्हणतो. गाडी सुरू होत नाही? होऊन जाईल. सुरू झालेली बंद होत नाही? होऊन जाईल. त्याने खाली वाकून पाटे बघितले, बोटाने टकटक केलं, आणि उभा राहिला.

"कमान गेलीय. पाटे उतरवू, ठोकू, वर एक पाटा वाढवू. किती वर करायची?"

"मूळ होती तेवढी," सासरे म्हणाले.

"मूळ किती होती?"

ही गोष्ट कुणालाच माहीत नव्हती. गाडीबरोबर आलेलं पुस्तक होतं, पण नणंदेने लहानपणी त्यातल्या सगळ्या गाड्या रंगवल्या होत्या आणि मग कात्रीने कापून त्यांची वरात काढली होती. तीस वर्षं ज्या वस्तूत बसून सगळीकडे हिंडलो, ती मुळात कशी होती हे घरात एकालाही सांगता येईना. तरी ती मुळात होती तशीच व्हायला हवी, यावर मात्र सगळ्यांचं एकमत होतं.

"फोटो!" सासरे म्हणाले.

हा फोटो बाहेरच्या खोलीत आमच्या लग्नाच्या फोटोशेजारी असतो. गाडी घेतल्याच्या दिवशीचा. गाडी कोरी करकरीत. तिच्या दाराशी कोट घालून सासरे उभे, छाती पुढे. आत स्टिअरिंगमागे सासूबाई, नुकत्या गाडी शिकलेल्या, ओठ किंचित दाबलेले, नजर सरळ पुढे. सासूबाईंचं ते हसू घराण्यात 'लाजरं हसू' म्हणून प्रसिद्ध आहे. नणंदेच्या लग्नात फोटोवाल्यासमोर तिला "आईसारखी लाज ना जरा" असं सांगण्यात आलं होतं. तिला जमलं नव्हतं.

फ्रेम लहान पडल्यामुळे फ्रेमवाल्याने फोटो खालून कापला होता. चाकं अर्धी गेली होती आणि रस्ता पूर्ण. पण मडगार्ड दिसत होती, आणि प्रश्न मडगार्डचाच होता. पाणसळकाकांना बोलावलं गेलं. त्यांनी फ्रेमवर पाणसळ ठेवली. बुडबुडा मधोमध.

"फोटो सरळ आहे," काकांनी जाहीर केलं.

मग सासऱ्यांनी पट्टी लावून दाखवलं. मागचं मडगार्ड पुढच्यापेक्षा चांगलं चार बोटं वर होतं.

"अशी होती," सासरे म्हणाले. आवाज खाली आला होता. ते गाडीकडे बघत होते की कोटातल्या माणसाकडे, ते मला नीट कळलं नाही. "अशी ताठ होती."

"अहो, तो फोटो ना..." स्वयंपाकघराच्या दारातून सासूबाई म्हणाल्या.

"अगं थांब जरा. महत्त्वाचं चाललंय."

सासूबाई थांबल्या. त्यांना त्याची सवय आहे.

फोटो खिळ्यावरून उतरून गॅरेजमध्ये गेला आणि तिथे टायरांच्या वर, ग्रीसच्या डब्याशेजारी टांगला गेला. होऊनजाईल दोन घाव घालायचा, मागे सरकून फोटोकडे बघायचा, पुन्हा घाव घालायचा. सासरे स्टुलावर बसून "अजून कमी वाटतंय" म्हणायचे. एक पाटा वाढवला. कमी वाटलं. आणखी ठोकलं. शेवटी गाडी फोटोशी तंतोतंत जुळली, तेव्हा सासऱ्यांनी होऊनजाईलचा हात हातात घेतला आणि त्यांच्या हाताला ग्रीस लागलं तरी सोडला नाही.

गाडी घरी आली. दाणे टिपायला वाकलेल्या कोंबडीसारखी ती फाटकात उभी राहिली: शेपूट आभाळाकडे, चोच जमिनीकडे. गल्लीतले लोक बघून गेले. कुणीही "मागे कुणी बसलंय का" असं विचारलं नाही. "कुणी पुढे बसलंय का" असं एकाने विचारलं, पण तो नवीन भाडेकरू होता.

या कामाचे फायदे नमूद करणं माझं कर्तव्य आहे. पूर्वी दिव्यांचा उजेड लांबवर फुकट जायचा. आता तो बंपरपुढच्या चार पावलांवर एकवटू लागला, आणि त्यापलीकडचं बघून माणसाचं कधी भलं झालंय? डिकीत ठेवलेली पिशवी ब्रेक दाबताच आपणहून सरपटत पुढे यायची, म्हणजे मागे वाकायचे कष्ट वाचले. मागे बसणारी माणसं सीटच्या टोकाला येऊन बसू लागली, त्यामुळे त्यांच्या वागण्यात एक नम्रता आली. नव्या पाट्यांमुळे गाडी इतकी टणक झाली की गतिरोधकावर सगळ्यांची डोकी एकाच वेळी छताला लागायची. घरात इतकी एकजूट मी पूर्वी पाहिली नव्हती.

दुपारी मी बबडीला मागच्या सीटवर ठेवलं.

ती घरंगळली. पण या वेळी सीटच्या पाठीकडे नाही, कडेकडे. मी झेप घालून तिला धरलं. तिने माझ्याकडे जे बघितलं, ते रांगेत तासभर उभं राहिल्यावर तोंडावर खिडकी बंद झालेला माणूस बघतो तसं बघितलं. मी उशी लावली. दोन लावल्या. पुढे जाऊन मुद्दाम कूस बदलली. गाडी हलली नाही. मी जोरात बदलली. गाडीने एकच करकर आवाज केला, आणि बबडीने भोकाड पसरलं. चहा निवला. त्यावर साय आली. साय आलेला चहा मी पुष्कळ प्यायले आहे. पण आता गरम चहा काय असतो ते मला माहीत झालं होतं, आणि ते फार वाईट असतं.

यानंतर आमच्या घरातली दुपार संपली. सकाळच लांबत संध्याकाळपर्यंत जायची. बबडी रडायची आणि सगळे आळीपाळीने तिला घेऊन फिरायचे. नवरा ऑफिसच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये मान कलती करून झोपला आणि साहेबांनी त्याला "तुमचा कॅमेरा तिरका आहे" असं सांगितलं. सासूबाईंनी दूध समजून ताक तापवलं. सासरे तर नातीला खांद्यावर टाकून अंगणात इतक्या फेऱ्या घालू लागले की त्यांचाही उजवा खांदा खाली यायला लागला. पाणसळकाका कुंपणापलीकडून बघत, आणि त्यांचा हात खिशातल्या पाणसळीकडे जाई.

अशाच एका दुपारी सासरे बबडीला थोपटत खोलीभर फिरता फिरता त्या फोटोसमोर थांबले. (तो घरी परतला होता, कोटाच्या बाहीवर ग्रीसचं बोट उमटलं होतं.)

"सगळं बरोबर केलं," ते म्हणाले. "तंतोतंत. मग ही झोपत का नाही?"

"तो उतार होता," सासूबाई म्हणाल्या. त्या लसूण सोलत होत्या.

"कुठला उतार?"

"फोटोत. शोरूमच्या बाहेरचा. रस्ता उतरता होता, गाडीचं तोंड खाली होतं. मी ब्रेक दाबून बसले होते."



"ब्रेक?" माझ्या नवऱ्याने विचारलं.

"हँडब्रेक धरत नव्हता ना. हे म्हणाले, दाबून धर, फोटो निघेपर्यंत अजिबात सोडू नकोस. फोटोवाला आपला हसा, हसा करतोय. तिसऱ्यांदा हसा म्हणाला तेव्हा माझ्या पोटरीत गोळा आला होता."

"म्हणजे ते लाजरं हसू..." मी म्हटलं.

"कसलं लाजरं? पाय सुटला असता तर हे गाडीखाली गेले असते."

सासरे फोटोच्या जवळ गेले. मग आणखी जवळ.

"तू तेव्हाच बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर पाय सुटला असता."

"आणि एवढी वर्षं?"

"विचारलं कुणी?" सासूबाईंनी लसणाची सालं फुंकून टाकली. "सगळे म्हणत होते हसू छान आलंय. म्हटलं, असेल."

यावर सासऱ्यांनी जो निष्कर्ष काढला तो त्यांच्या खात्याला शोभेसा होता: मोजमाप बरोबर होतं, पद्धत बरोबर होती, फक्त रस्ता चुकीचा होता. दुसऱ्याच दिवशी ते होऊनजाईलकडे गेले. मी आणि बबडीही गेलो. ती गाडीत गतिरोधकांच्या मध्ये मध्ये डुलकी घेईल अशी आशा होती. घेतली नाही.

"खाली करायची," सासरे म्हणाले.

होऊनजाईलने फडक्याला हात पुसले. त्याने पहिल्यांदाच ते दोन शब्द उच्चारले नाहीत.

"खाली कुणी करत नाही, साहेब. ती आपली आपण होते."

"वाढवलेला पाटा काढून टाक."

"काढतो. पण बाकीचे ठोकलेत ना. थोडी येईल खाली, पण ताठच राहणार. पूर्वीची ती मऊ चाल हवी असेल तर पाटे थकायला लागतात. आणि थकवा काही सुटा मिळत नाही बाजारात."

"किती दिवस लागतील?"

"दिवस?" होऊनजाईल म्हणाला, आणि आत कामाला निघून गेला.

पाटा काढला. गाडी थोडी उतरली. सपाट झाली म्हणा. पाणसळकाकांचा बुडबुडा अखेर मधोमध आला, आणि काका सोडून कुणालाही त्याचा आनंद झाला नाही. बबडी सपाट सीटवर सपाट पडून छताकडे बघत राहिली. मग वजन ठेवून बघितलं. डिकीत विटा भरल्या, वाळूची पोती भरली. मागची बाजू खाली आली, सीट कलली, बबडी पाठीला टेकलीसुद्धा. पण विटा नुसत्या बसून राहतात. गाडी दगडासारखी. बबडीने अर्धे मिटलेले डोळे उघडले आणि पुन्हा सूर लावला.

मी पुढच्या सीटवर होते. आरशात मला सासरे येताना दिसले. बगलेत वर्तमानपत्र होतं. त्यांनी डिकी उघडली, विटा एकेक करून खाली ठेवल्या, पोती ओढून काढली, आणि स्वतः आत जाऊन बसले. पाय बाहेर. चष्मा नाकावर.

"बघ गं," ते हळूच म्हणाले. "आली का?"

"थोडी आली, बाबा. अजून थोडी हवी."

त्यांनी कुंपणाकडे बघून हात केला. पाणसळकाका आले आणि त्यांच्या शेजारी बसले. गाडी खाली आली. काकांनी वाकून सीटवर पाणसळ टेकवली. बुडबुडा पुढे निघून गेला.

"पळाला," काका कुजबुजले. या वेळी त्यांचा आवाज बारशाचा होता.

बबडी घरंगळली आणि सीटच्या पाठीला जाऊन टेकली. मागे दोन म्हाताऱ्यांनी मिळून वर्तमानपत्राचं पान उलटलं, आणि सगळी गाडी हलकेच झुलली. बबडीने मोठा सुस्कारा सोडला. डोळे मिटले. मी चहा प्यायले आणि जीभ भाजली. इतकं बरं मला पुष्कळ दिवसांत वाटलं नव्हतं.

तेव्हापासून ही व्यवस्था रुळली आहे. सासरे कायम सदस्य आहेत. दुसऱ्या जागेवर काका, ते नसले तर दूधवाला, सुट्टीच्या दिवशी माझा नवरा (पण तो तिथेच झोपतो आणि घोरतो, म्हणून त्याला शेवटचा पर्याय ठेवलाय). सासूबाईंनाही विचारण्यात आलं. "मी एकदा गाडी धरून बसले होते," त्या म्हणाल्या, "तेवढं पुरे."

गेल्या रविवारी नणंद आणि जावई आले. जावयांनी आपली गाडी मागे लावली, उतरले, आणि तिथेच थांबले. आमच्या गाडीच्या डिकीत त्यांचे सासरे एकटे बसून राशिभविष्य वाचत होते. काकांचे गुडघे त्या दिवशी दुखत होते, दूधवाला गावाला गेला होता, आणि नवरा बाजारात. आत बबडी नुकती कुरकुरायला लागली होती.

जावयांनी मान तिरकी केली. तोंड उघडलं.

"हो, बसलंय," सासरे त्यांच्या आधीच म्हणाले. "हळू बोला. झोपतेय."

मग ते थोडे सरकले आणि शेजारच्या जागेवर हात थोपटला. "बूट काढा."

जावई दारातल्या सासूबाईंकडे बघू लागले. सासूबाईंनी मान हलवली. जावयांनी बूट काढले आणि डिकीत बसले. जावई वजनदार आहेत. गाडी खाली, आणखी खाली आली, आणि नेमकी तिच्या जुन्या, थकलेल्या, खऱ्या उंचीवर येऊन थांबली. मागची कुरकुर बंद झाली.

"अच्छा," सासरे म्हणाले, आणि त्यांनी पान उलटलं.

नणंद माझ्याकडे आली. मी पुढच्या सीटवर होते, पाय वर, खांदा खाली. तिने मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. "वहिनी, तू ना आता जरा..." असं म्हणत ती शेजारी बसली, वाक्य पुरं करायला पाठ टेकली, आणि गाडी झुलली. ते वाक्य अजून पुरं व्हायचंय. ती बबडीच्या नंतर उठली.

वाचकहो, हा मजकूर वाचायला घेतलात तेव्हा तुम्ही ताठ बसला होता. आता बघा कुठे आहात. (सावरू नका, मोजून झालंय.) तुमच्याही घरात तुमचा एक जुना फोटो आहे, त्यात तुम्ही चार बोटं वर आहात, आणि आत्ता या क्षणी कुणीतरी आधी त्या फोटोकडे आणि मग तुमच्याकडे बघतंय. त्यांना होऊनजाईलचा पत्ता हवा असेल तर मी देईन. त्याच्या गॅरेजात शिरण्याआधी तुम्ही फक्त एवढं विचारून घ्या, की तो फोटो काढताना ब्रेकवर पाय कुणाचा होता.